जुन्या ट्रकच्या मूळ दिव्यांतच इंडिकेटर: एका सहा व्होल्टच्या शेवरोलेटचं वायरिंग

आमच्या घरचा ट्रक १९५१ सालचा, शेवरोलेटचा. जाळीला पाच आडव्या पट्ट्या, दाराला हवेची छोटी तिकोनी काच, २१६ घनइंची इंजिन. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना होता. १९२८ ते १९५४ या काळात तिथून ज्या शेवरोलेट बाहेर पडल्या त्यांपैकी काही अजून सांगली-कोल्हापूरकडे गोठ्यामागे, गुऱ्हाळामागे ताडपत्रीखाली सापडतात. या गाड्यांना इंडिकेटर नव्हते. अमेरिकेत ब्यूकने १९३९ मध्ये लुकलुकणारे इंडिकेटर कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली होती, पण ट्रकच्या गिऱ्हाइकाला ते वरून पैसे देऊन बसवून घ्यावे लागत. आपल्याकडे तर क्लीनर हे इंडिकेटरचंच दुसरं नाव होतं. डावीकडे वळायचं की तो हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा.

आज हायवेवर मागून ताशी शंभरने येणाऱ्या माणसाला तो हात दिसत नाही, रात्री तर नाहीच. म्हणून इंडिकेटर हवेतच. मात्र मडगार्डवर भोकं पाडून प्लास्टिकचे पिवळे डबे ठोकायला माझा विरोध आहे. सत्तर वर्षं टिकलेल्या पत्र्याला वायरिंगच्या हौसेपायी भोक पाडू नये. पुढचे पार्किंग लॅम्प, मागचे टेल लॅम्प आणि चासीची आधीपासूनची भोकं एवढ्यात हे काम बसतं. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर दोन तासांत सगळं काढता आलं पाहिजे.

आधी गाडीत काय आहे ते बघा

बॅटरी उघडी दिसत असेल तर झाकणं मोजा. तीन म्हणजे सहा व्होल्ट, सहा म्हणजे बारा. शेवरोलेट ट्रक १९५५ च्या मधल्या बदलापर्यंत सहा व्होल्टवरच होते. त्यामुळे १९५१ च्या गाडीत बारा व्होल्टची बॅटरी दिसली तर कुणीतरी मधे गाडी बदललेली आहे, हे नक्की. अशा वेळी दिवे, हॉर्न, गेज सगळं बदललं आहे की अर्धवट सोडलंय हे तपासा. मी एका गाडीत बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहा व्होल्टचा टेल बल्ब पाहिलाय. सुंदर उजेड पडत होता, एक आठवडाभर.

दुसरं, अर्थ, म्हणजे बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक, कुठलं आहे ते बघा. शेवरोलेटमध्ये निगेटिव्ह टोक बॉडीला जातं. त्या काळच्या अमेरिकन फोर्ड आणि डॉजमध्ये मात्र उलटं, पॉझिटिव्ह बॉडीला. तुमची गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघालेली डॉज किंवा फार्गो असेल तर हे विसरू नका. साध्या तापतारेच्या बल्बला उलटसुलट कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) आणि एलईडी यांना कळतं आणि ते लगेच आपला राग दाखवतात.

तिसरं, होल्डर. पुढचा पार्किंग लॅम्प हेडलाइटखाली छोटासा असतो. त्यात सिंगल पॉइंटचा, म्हणजे आत एकच तार असलेला बल्ब, अमेरिकन क्रमांक ६३. त्याचा उजेड जेमतेम तीन कँडलपॉवर, म्हणजे समईपेक्षा थोडा बरा. मागे पिकअपला चौकोनी टेल लॅम्प, त्यात डबल पॉइंटचा बल्ब, क्रमांक ११५४: एक बारीक तार टेलची, एक जाड तार ब्रेकची. बऱ्याच गाड्यांना मागे हा लॅम्प एकाच बाजूला होता. तुमच्याकडे तसं असेल तर दुसऱ्या बाजूचा जोडीदार आधी मिळवावा लागेल. नव्याने बनवलेले लॅम्प मिळतात आणि त्यांचे ब्रॅकेट चासीच्या भोकांवरच बसतात.

चौथं, वायर. त्या काळची वायर रबराची आणि वरून सुती विणीची. रबर आतून बिस्किटासारखं झालेलं असतं. वायर हाताने वाकवा. कुरकुर आवाज आला तर त्या वायरला नवं काहीही जोडू नका, आधी ती बदला. इंडिकेटर बसवायला घेऊन शेवटी अख्खं वायरिंग बदललं, असं बहुतेकांचं होतं. माझंही झालं.

मागे लाल की पिवळा

पुढच्या दिव्यांचा प्रश्न सोपा आहे, मागच्यांचा नाही. अमेरिकेत जुनी पद्धत अशी की मागे ब्रेकची जाड तारच इंडिकेटर म्हणून लुकलुकते, लाल काचेतूनच. दिवा तोच, बल्ब तोच, फक्त स्विच हुशार. मूळ दिव्यांत इंडिकेटर बसवण्याचा हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. पण आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०२ वा नियम इंडिकेटर अंबर, म्हणजे पिवळा-नारिंगी असावा म्हणतो, आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा म्हणतो. शिवाय नियम बाजूला ठेवला तरी आपल्या रस्त्यावरच्या माणसाला मागचा लाल दिवा लुकलुकताना दिसला तर तो म्हणतो, याच्या ब्रेकचं वायरिंग लूज आहे. त्याला वळण कळत नाही.

लाल काचेच्या आत पिवळा बल्ब घातला तर बाहेर लालच दिसतं, तेव्हा तो विचार सोडून द्या.

म्हणून मी असं केलं: पुढे मूळ पार्किंग लॅम्पमध्येच इंडिकेटर. मागे मूळ लॅम्प टेल आणि ब्रेकसाठी तसेच ठेवले आणि त्यांच्याच ब्रॅकेटच्या बोल्टवर एक पट्टी वाढवून खाली तेवढ्याच मापाचा अंबर काचेचा छोटा लॅम्प टांगला. पत्र्याला भोक नाही. पट्टी काळी रंगवली की दहा फुटांवरून लक्षातही येत नाही. अमेरिकेत, जिथे लाल चालतो, तिथे कुणी आपला मराठी माणूस असा ट्रक घेऊन बसला असेल तर त्याने खुशाल ब्रेकच्याच तारेचा मार्ग घ्यावा. दोन्हींचं वायरिंग पुढे सांगतो, कारण स्विच एकच लागतो.

पार्किंग लॅम्पचा होल्डर बदलणं

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं अर्थचं टोक काढा आणि त्यावर कापड गुंडाळा. आधी अर्थचंच टोक का? कारण पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

लॅम्पची काच काढा. स्क्रू गंजून बसलेले असतात, त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल देऊन ठेवा. घाई केलीत तर स्क्रूचं डोकं तुटेल, आणि ते तुटलं की आख्खी दुपार गेली. आत सिंगल पॉइंटचा होल्डर दिसेल. त्याच्या जागी डबल पॉइंटचा होल्डर हवा. दोन्हींचा व्यास १५ मिलिमीटरच, पण डबल पॉइंटच्या बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात. त्यामुळे बल्ब उलटा बसत नाही. उलटा बसला तर पार्किंगला जाड तार पेटेल आणि इंडिकेटरला बारीक, म्हणून ही सोय. होल्डर विकत घेताना खुंट्यांच्या खाचा खरंच वरखाली आहेत का ते बल्ब घालून बघा. स्वस्तातल्या काही होल्डरांत कसाही बल्ब बसतो.

बसवायच्या दोन पद्धती आहेत. जुना होल्डर लॅम्पच्या पाठीला काठाने दाबून बसवलेला असेल तर तो अलगद सोडवून काढा आणि त्याच भोकात नवा बसवा. तो ढिला होत असेल तर पितळेची पातळ पट्टी गोल वळवून बुशसारखी घाला आणि बाहेरून सोल्डर करा. दुसरी पद्धत अशी की जुन्या होल्डरची नळी तशीच ठेवायची आणि आतली पॉइंटची तबकडी व स्प्रिंग काढून डबल पॉइंटची घालायची. पण मग खुंट्यांच्या खाचा जुन्याच राहतात, आणि एक खाच कानसीने खोल करावी लागते. हे हाताला सवय असेल तरच करा. जुना होल्डर कचऱ्यात टाकू नका.

बल्ब घालून काच लावून बघा. डबल पॉइंटचा बल्ब जरा मोठा असतो. त्याची काच लॅम्पच्या काचेला टेकता कामा नये, निदान पाच-सहा मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. इथे पूर्वी जवळजवळ नगण्य ताप होता, आता एकवीस वॉटची तार पेटणार. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो म्हणून काचेच्या लॅम्पला धोका नाही, पण नव्याने बनवलेली प्लास्टिकची काच असेल तर पाच मिनिटं सलग इंडिकेटर चालू ठेवून हाताने ताप बघा. रबरी गास्केट जुनं असेल तर तेही याच वेळी बदला.

लॅम्पची आतली बाजू गंजलेली, काळवंडलेली असते. ती घासून चंदेरी किंवा पांढरा रंग दिला तर उजेडात जो फरक पडतो तो बल्ब बदलूनही पडत नाही.

आता रंग. पार्किंगची काच पांढरी, इंडिकेटर हवा पिवळा. अंबर रंगाचा बल्ब घातला तर पार्किंगही पिवळी दिसते. दोन रंगांचे एलईडी मिळतात, पार्किंगला पांढरे आणि इंडिकेटरला पिवळे. ते घेतले तर दोन्ही साधतं. पण एलईडीचं स्वतंत्र दुखणं आहे, ते फ्लॅशरपाशी सांगतो.

अर्थ: सगळ्या भुतांचं घर

या कामात स्विच, फ्लॅशर, बल्ब यांच्यावर माणसं डोकं फोडतात आणि अर्थ मात्र पत्र्यावर सोडून देतात. सहा व्होल्टच्या गाडीत हे चालत नाही. हिशेब करून दाखवतो.

सहा व्होल्टचा एकवीस वॉटचा बल्ब साडेतीन अँपिअर करंट ओढतो. आता समजा, गंजलेल्या बोल्टमुळे अर्थच्या वाटेत ०.३ ओहम अडथळा आला. ही काही मोठी गोष्ट नाही, दोन वॉशरांमधला गंज एवढा अडथळा करतो. बल्बवर मग सहाऐवजी जेमतेम पाच व्होल्ट पोचतात. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने उतरतो. म्हणजे व्होल्ट पंधरा टक्के कमी, तर उजेड जवळजवळ निम्मा. हाच गंज बारा व्होल्टच्या गाडीत असता तर उजेड पंधराएक टक्क्यांनी उतरला असता आणि कुणाच्या लक्षातही आला नसता. ‘सहा व्होल्टचे दिवे मंदच असतात’ ही जी ख्याती आहे तिच्यात निम्मा हात गंजाचा आहे.

त्यात या ट्रकची बांधणी बघा. केबिन चासीवर रबराच्या गाद्यांवर बसलेली. मडगार्ड आणि बॉडी यांच्यात आवाज होऊ नये म्हणून पट्टी घातलेली. मागच्या हौद्याची तळजमीन लाकडाची. म्हणजे पुढच्या दिव्याचा करंट परत बॅटरीकडे जाणार तो रंगवलेल्या बोल्टांच्या आट्यांतून रस्ता काढत. मग वर आपण हौसेने सगळं पावडर कोटिंग करून घेतो, आणि तो रस्ताही बंद.

उपाय साधा. प्रत्येक होल्डरच्या नळीला बाहेरून अर्थची वायर सोल्डर करा. पुढच्या दोन्ही दिव्यांच्या अर्थ वायर रेडिएटरजवळ चासीच्या एका बोल्टवर आणा, मागच्या दोन्हींच्या मागच्या आडव्या पट्टीच्या बोल्टवर. त्या बोल्टाखालचा रंग लखलखीत घासा, दात्यांचं वॉशर घाला, लग (वायरीच्या टोकाचं कडं) आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावा. आधी रंग आणि मग लग असं करू नका, ही चूक मी चांगल्या मिस्त्रींना करताना पाहिलीय. त्यानंतर केबिन ते चासी एक आणि इंजिन ते चासी एक अशा विणलेल्या जाड अर्थपट्ट्या टाका.

वायर किती जाडीची? मागच्या दिव्यापर्यंत साधारण पाच मीटर धरा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत साडेतीन अँपिअरला ०.२ व्होल्ट जातात, ते चालतं. एक चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.३ जातात, सहा व्होल्टला ते महाग पडतं. म्हणून दिव्यांना दीडची आणि स्विच-फ्लॅशरच्या मुख्य वायरीला अडीचची. बारा व्होल्टच्या गाडीत दिव्यांना एकची वायर पुरे. जुनं रूप हवं असेल तर आजच्या पीव्हीसी वायरवर सुती स्लीव्ह चढवा. बोनेट उघडल्यावर कुणी बोट दाखवणार नाही.

वायर चासीच्या आतल्या अंगाने, मूळ वायरिंगच्या क्लिपांतूनच न्या. सायलेन्सरच्या पाइपापासून वीतभर लांब. पत्र्यातून जाईल तिथे रबरी बुश. जॉइंट पिळून टेप मारायचा नाही. सोल्डर करा नाहीतर बुलेट कनेक्टर नीट दाबून वापरा, आणि चासीखालच्या प्रत्येक जॉइंटवर हीटश्रिंक, म्हणजे ताप दिला की आवळून बसणारी नळी.

सात वायरींचा स्विच ओळखणं

स्टिअरिंगच्या नळीवर पट्ट्याने आवळायचे स्विच त्या काळी अमेरिकेत मिळत, तसे आजही बनतात. भोक पाडावं लागत नाही, म्हणून माझी पसंती त्याला. गिअर नळीवरच असेल तर तो एका हाताला येतो, इंडिकेटरचा दांडा दुसऱ्या हाताला बांधा. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगला तो उजव्या हाताखाली छान बसतो.

या स्विचमधून सहा-सात वायरी लोंबतात आणि रंगांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, बनवणाऱ्यागणिक ते बदलतात. मल्टिमीटर टीं वाजणाऱ्या खुणेवर लावा आणि ओळख परेड घ्या.

आधी स्विच आत काय करतो ते समजून घ्या. दांडा मधे असताना ब्रेकची वायर मागच्या दोन्ही दिव्यांना जोडलेली असते. दांडा डावीकडे टाकला की मागचा डावा दिवा ब्रेकपासून सुटतो आणि फ्लॅशरला जाऊन मिळतो, सोबत पुढचा डावाही. मागचा उजवा ब्रेकवरच राहतो. म्हणजे वळताना ब्रेक दाबला तरी डावा लुकलुकतो आणि उजवा ब्रेक दाखवतो.

आता परेड. दांडा मधे: ज्या तीन वायरी आपसांत वाजतात त्या ब्रेक, मागचा डावा, मागचा उजवा. त्या तिघींना एक दोरा बांधून ठेवा. दांडा डावीकडे: तिघींतली एक फुटून निघेल, ती मागची डावी. ती आता आणखी दोन वायरींशी वाजेल, त्यांतली एक फ्लॅशर आणि एक पुढची डावी. कुठली कुठली ते अजून कळत नाही. दांडा उजवीकडे: दोऱ्यातली दुसरी फुटेल, ती मागची उजवी, आणि तीही दोन वायरींशी वाजेल. डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही वेळा जी हजर राहिली ती फ्लॅशरची. उरलेल्या आपोआप पुढची डावी आणि पुढची उजवी. दोऱ्यातून जी एकदाही फुटली नाही ती ब्रेकची. सातवी असेल तर ती बहुधा पायलट दिव्याची (इंडिकेटर चालू आहे हे डॅशबोर्डवर दाखवणाऱ्या) किंवा चारही दिवे एकदम लावण्याची. प्रत्येकीला कागदी चिठ्ठी चिकटवा, स्मरणशक्तीवर सोडू नका.

मागे लाल दिव्यातच इंडिकेटर हवा असेल तर ब्रेक स्विचची वायर मागे जाण्याआधी तोडून इथे ब्रेकच्या वायरीला आणायची, आणि स्विचच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी टेल लॅम्पच्या जाड तारांना द्यायच्या. माझ्यासारखे वेगळे अंबर लॅम्प असतील तर ब्रेकचं मूळ वायरिंग हलवायचंच नाही. स्विचच्या ब्रेकच्या वायरीवर टोपी घालून ती गुंडाळून ठेवा, आणि मागच्या वायरी सरळ अंबर लॅम्पना. उद्या विचार बदलला तरी स्विच तोच चालतो.

अमेरिकन स्विच मिळत नसेल तर जीपचा तीन वायरींचा साधा स्विचही चालतो: एक फ्लॅशरकडून, एक डावीकडे, एक उजवीकडे. मात्र तो फक्त वेगळ्या अंबर लॅम्पसाठी. ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर हवे असतील तर त्याने भागत नाही. डावी-उजवी वायर तशीच ब्रेकला जोडली तर ब्रेक दाबल्यावर पुढचे दिवेही पेटतात.

फ्लॅशर

जुना, गोल डब्यातला दोन पिनांचा फ्लॅशर म्हणजे तापणारी पट्टी. करंट गेला की तापते, वाकते, तुटते, थंड होते, पुन्हा जुळते. त्यामुळे तो ठरावीक करंटवरच ठरावीक वेगाने चालतो. एक बल्ब गेला की पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा लुकलुकायचा थांबतो किंवा रेंगाळतो. चालकाला बल्ब गेल्याची वर्दी मिळते, ही त्याची जमेची बाजू. सहा व्होल्टच्या गाडीला सहा व्होल्टचाच हवा. दुचाकीचा फ्लॅशर कमी वॉटच्या बल्बांसाठी असतो, तो इथे टिकत नाही. डब्यावर वॉट लिहिलेले असतात, दोन एकवीसचे बल्ब चालतील असा बघून घ्या.

तीन पिनांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरवर बहुधा ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात: ४९ ला करंट आत, ४९ए मधून स्विचकडे, ३१ अर्थला. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत हा सरळ लावला तर मरतो.

एलईडी बल्ब इतका कमी करंट घेतो की तापणारी पट्टी हलतच नाही. त्यावर लोक बल्बला समांतर रेझिस्टर लावतात. बारा व्होल्टला सहा ओहमचा रेझिस्टर २४ वॉट उष्णता फेकतो, म्हणजे एलईडीने वाचवलेलं सगळं तिथे जाळायचं आणि वर हाताला चटका. एलईडीच लावायचे असतील तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

फ्लॅशरला करंट इग्निशननंतरच्या टोकावरून घ्या आणि मधे फ्यूज टाका, फ्लॅशरच्या नव्हे, जिथून करंट घेतला त्या टोकाच्या जवळ. सहा व्होल्टला दोन बल्ब सात अँपिअर, म्हणून दहाचा फ्यूज. चारही दिवे एकदम लावायची सोय असेल तर चौदा अँपिअर, म्हणून वीसचा. बारा व्होल्टला दोन्हींसाठी दहाचा पुरतो. हा फ्यूज माझ्या हातून पहिल्यांदा राहिला. ‘आधी चालतंय का बघू, मग टाकू’ म्हणून नुसती वायर जोडली. डॅशबोर्डमागे एक जुनी सुती वायर स्विचच्या पट्ट्याखाली चेंगरलेली होती. तीन सेकंदांत केबिनमध्ये जळक्या रबराचा धूर, आणि मी बॅटरीकडे पळालो तेव्हा पाना सापडेना. तेव्हापासून बॅटरीचं अर्थ टोक मी काम संपेपर्यंत हातानेच आवळतो.

पायलट दिव्याची एक जुनी युक्ती आहे. डॅशबोर्डला एकच छोटा बल्ब असेल तर त्याचं एक टोक पुढच्या डाव्या वायरीला आणि दुसरं पुढच्या उजव्या वायरीला जोडायचं, अर्थ कुठेच नाही. डावा इंडिकेटर लागला की करंट पायलटमधून उजव्या विझलेल्या बल्बच्या थंड तारेतून अर्थला जातो. पायलट इतका लहान असतो की उजवा बल्ब पेटत नाही. म्हणजे एका बल्बात दोन्हीकडचं काम. होल्डर मात्र बॉडीपासून वेगळा हवा. चारही दिवे एकदम लावले तर दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात आणि पायलट विझलेला राहतो. पुढे एलईडी असतील तर ही युक्ती सोडा, दोन वेगळे पायलट लावा.

या स्विचपैकी बरेचसे वळण झाल्यावर आपोआप परत येत नाहीत. पायलटला समांतर एक छोटा बझर लावा, नाहीतर कराडला उजवीकडे वळल्यावर साताऱ्यापर्यंत उजवा लुकलुकत राहील.

तपासणी आणि भुतं उतरवणं

फ्लॅशरच्या दोन पिना (तीन असतील तर ४९ आणि ४९ए) वायरच्या एका तुकड्याने जोडा, म्हणजे दिवा न लुकलुकता सलग पेटेल. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर आणि दुसरं होल्डरच्या नळीवर लावा. ०.१ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. मग एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरं होल्डरच्या पॉइंटवर. ०.४ च्या आत असेल तर ठीक. जास्त आलं तर एकेक जॉइंट मागे सरकत मोजत या, जिथे आकडा एकदम उडी मारेल तिथे चोर आहे. तुकडा काढून फ्लॅशर जोडा, आणि पंधरा सेकंदांत दिवा किती वेळा लागतो ते मोजा. १५ ते ३० मध्ये बसला पाहिजे. इंजिन बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा मोजा.

आता संध्याकाळी, पार्किंग लावून, पुन्हा. कारण काही भुतं पार्किंग लावल्यावरच बाहेर येतात. सगळ्यात नेहमीचं: इंडिकेटर लावला की त्याच दिव्यातली पार्किंगची तार उलट्या तालात मंदावते, आणि डॅशबोर्डचे दिवेही सोबत लुकलुकतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच. होल्डरचा अर्थ तुटलेला आहे. जाड तारेचा करंट अर्थकडे जायला वाट सापडत नाही म्हणून त्याच बल्बच्या बारीक तारेतून उलटा जातो, पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि इतर दिव्यांतून अर्थ शोधतो. माणसं अशा वेळी स्विच बदलतात, फ्लॅशर बदलतात, वायरमन बदलतात. होल्डरच्या नळीला एक वायर लावून तिचं दुसरं टोक बॅटरीच्या अर्थला टेकवा. भूत लगेच गायब झालं तर कारण सापडलं.

एका बाजूचा वेग जास्त आणि दुसऱ्या बाजूचा कमी असेल तर बल्बांचे वॉट जुळतात का बघा. एक एकवीसचा आणि एक दहाचा, अशी जोडी नकळत बसलेली असते. दोन्ही बाजू मंद असतील तर फ्लॅशरला करंट कुठून घेतलाय ते बघा. जुन्या इग्निशन स्विचच्या आतल्या पितळी पट्ट्या झिजलेल्या असतात आणि अर्धा व्होल्ट तिथेच जातो.

शेवटी सगळ्या वायरींचा नकाशा वहीच्या कागदावर काढा, प्रत्येक वायरचा रंग लिहा आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणाला आतून चिकटवा. त्याच खणात एका जुन्या तंबाखूच्या डबीत मी पार्किंग लॅम्पचे दोन्ही मूळ होल्डर, दोन ६३ नंबरचे बल्ब आणि सुटलेले स्क्रू ठेवले आहेत.